ताशी सहाच्या पुढं

पहाटे 5.30

चैत्र-वैशाखात जळगावचा दिवस लवकर धरावा लागतो. एमआयडीसीतल्या माझ्या शेडला पत्रे आहेत आणि अकरानंतर तिथं लोखंडी पाना हातात धरवत नाही. म्हणून बॅटऱ्या रात्री चार्जिंगला, मोजमापं पहाटे आणि खोल-जोड सकाळी, असा उन्हाळ्याचा क्रम आहे. लिथियम फॉस्फेटची बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच 44 अंश असतात. शिशाच्या बॅटरीला तर 25 अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं असं धरून चालतात. पुण्यात तीन वर्षं चालणारी बॅटरी खान्देशात का लवकर बसते, असं गिऱ्हाईक विचारतं. त्याचं उत्तर हेच.

मूळ धंदा मोटर वायंडिंगचा. यावल-रावेरच्या केळीवाल्यांचे सबमर्सिबल पंप जळून यायचे, ते भरून द्यायचे. मग ई-रिक्षा आल्या. त्यांच्या मोटरी आणि कंट्रोलर हाताखालून गेले, आणि त्याच ओळखीतून बॅटरीवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्च्या दारात येऊ लागल्या. आता बरंचसं काम त्यांचंच आहे. येणारा माणूस दुरुस्तीचं बोलत येतो आणि निघताना विचारतो, "भाऊ, हिचा स्पीड वाढेल का?"

वाढतो. आपल्याकडे मिळणारी साधी पॉवर खुर्ची ताशी 6 किलोमीटरच्या आसपास बांधलेली असते. घरात, दवाखान्यात तेवढं पुरतं. पण खुर्ची हेच ज्याचे पाय आहेत, त्याला रस्ता ओलांडायचा असतो, स्टँड गाठायचं असतं, मित्रांच्या बरोबरीनं जायचं असतं. पायांनी चालणारा माणूस उशीर झाला की पळतो. खुर्चीतल्या माणसाची पळायची मुभा कुणीतरी कारखान्यातच काढून घेतलेली असते. ती परत मिळवून देणं मला चैनीचं काम वाटत नाही. अट एवढीच, की वेग वाढवण्याआधी खुर्ची सरळ चालली पाहिजे, वळताना जमिनीला धरून राहिली पाहिजे आणि हात सोडला की थांबली पाहिजे. माझा बहुतेक वेळ या तीन गोष्टींतच जातो.

आज टेबलावर धुळ्याच्या एका ताईंच्या मोटरी आहेत. त्यांच्या भाच्यानं काल खोलून एसटीच्या पार्सलनं पाठवल्या. तक्रार अशी, की खुर्ची सारखी उजवीकडे ओढते. आज दुपारपर्यंत त्या परत नेऊन बसवायच्या आहेत, कारण ताई नाहीतर घरात अडकून पडतील.

पहिलं काम रेझिस्टन्स मोजण्याचं. मोटरीच्या आतला रेझिस्टन्स इतका कमी असतो की साधा मल्टिमीटर तो नीट दाखवत नाही. त्यासाठी मोटरीतून बरोबर 10 अँपिअर सोडायचे आणि टोकांवर किती व्होल्ट पडतात ते बघायचं. आर्मेचर थोडं थोडं फिरवत चार-पाच जागी आकडा घ्यायचा आणि सर्वांत कमी असेल तो धरायचा. डावी मोटर 0.9 व्होल्ट, म्हणजे 90 मिलिओम. उजवी 130. दुखणं इथंच आहे. चढावर 20 अँपिअर ओढताना डावी मोटर 1.8 व्होल्ट स्वतःच्या पोटात जिरवते आणि उजवी 2.6. उजवं चाक मागे पडतं आणि खुर्ची उजवीकडे वळते.

हे माप पहाटेच घेण्याचं कारण आहे. तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रेझिस्टन्स 0.4 टक्क्याच्या आसपास वाढतो. जानेवारीच्या पहाटे आमच्याकडे पारा दहाच्या खाली उतरतो, आणि मेच्या दुपारी तो 44 वर असतो. म्हणजे एकाच मोटरीत ऋतूनुसार 14 टक्क्यांच्या आसपास फरक. दुपारच्या मापावर कंट्रोलर बसवला, तर तीच खुर्ची थंडीत हिसके देत चालेल.

सकाळी 6.45

रस्ता रिकामा आहे तोवर चाचणी. खुर्ची एका विद्यार्थ्याची. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल प्रकल्पात राज्यभरातली दिव्यांग मुलं-मुली राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. तसं शहरात इतर अभ्यासिकांमधूनही बाहेरगावची पोरं असतात. हा त्यांतला एक. राहायची खोली महामार्गाच्या एका अंगाला, अभ्यासिका दुसऱ्या अंगाला. तिथला रस्ता कडेकडेनं धरला तर 30 मीटर भरतो. ताशी 6 नं तो ओलांडायला 18 सेकंद लागतात, ताशी 9 नं 12. त्या सहा सेकंदांत समोरून येणारा ट्रक कुठून कुठं पोचतो, हे जळगावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मित्रानं त्याला हाताच्या खुर्चीवर ढकलत आणलं. इकडच्या खुर्चीत बसता बसताच त्यानं विचारलं, "काका, 12 होईल ना?"

"आधी 9 बघू."

त्याच्या खुर्चीत आम्ही 24 व्होल्टच्या जागी 12 सेलची, 38 व्होल्टची लिथियम बॅटरी घातली. डीसी मोटरीचा वेग व्होल्टच्या प्रमाणात वाढतो. 24-25 चे 38 झाले की 6 चे 9 झाले, इतका सरळ हिशेब. गिअर बदलून किंवा मागचं चाक मोठं घालूनही वेग वाढतो, पण मग चढावर जोर कमी पडतो आणि मोटर जास्त करंट ओढून तापते. व्होल्ट वाढवले तर गिअर तोच राहतो, जोर तोच राहतो. बदल्यात कंट्रोलर नवा घ्यावा लागतो, कारण जुना 24 चा एवढं सोसत नाही. खुर्चीची वॉरंटीही जाते, आणि ते मी गिऱ्हाइकाकडून आधीच लिहून घेतो.

दोन खांबांमधलं 50 मीटर अंतर आम्ही रंगवून ठेवलं आहे. पोरानं जॉयस्टिक पुढं लोटली. स्टॉपवॉचवर 20 सेकंद. बरोबर 9. त्याच्या मित्राला बरोबरीनं राहायला पळावं लागलं. ते दोघं हसत होते, आणि मी पुढच्या चाकांकडे बघत होतो.

पुढची छोटी चाकं, कॅस्टर, वेग वाढला की थरथरतात. सहापर्यंत शांत असतात, आठ ओलांडले की डावं-उजवं फडफडायला लागतात, आणि एकदा का ती थरथर वाढली की खुर्ची कुठं जाईल याचा नेम राहत नाही. मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये चित्रण घेतलं. डावं चाक हलत होतं. याची कारणं ठरलेली. कॅस्टरचा उभा दांडा ओळंब्यात नसतो, किंवा त्याच्या बेअरिंगमध्ये ढिलाई असते, किंवा चाकाची झीज एकसारखी नसते. लेव्हल लावली तर दांडा पुढं कललेला. खुर्चीला आधीच कुणीतरी मागं मोठी चाकं घातली होती. मागची बाजू उंच झाली, सगळा सांगाडा पुढं झुकला, आणि दांडाही. पुढं वॉशर टाकून उंची बरोबर केली. दांड्याच्या नटाखाली नायलॉनची चकती घालून इतकंच कसलं की चाक बोटानं ढकललं तर फिरावं, सोडलं की लगेच थांबावं. पुन्हा पळवली. फडफड गेली.

मग थांबण्याची चाचणी. खडूची रेघ मारायची, चाक रेघेवर आलं की जॉयस्टिक सोडायची, खुर्ची थांबते तिथवर टेप लावायची. थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं. सहाला पाऊण मीटर लागत असेल, तर तेवढ्याच ब्रेकिंगला नऊला पावणेदोन मीटर लागतात आणि बाराला तीन. ब्रेक कडक केला की अंतर कमी होतं, पण ज्याच्या कमरेवर आणि पाठीवर ताबा नाही, तो माणूस पुढं फेकला जातो. या मुलाला पाठीचा ताबा छातीपर्यंतच आहे. म्हणून पट्टा सक्तीचा, आणि ब्रेक मधला.

शेवटी वळण, आणि याच जागी मी अडून बसतो. खुर्चीची रुंदी 55 सेंटिमीटर, माणसासकट गुरुत्वमध्य जमिनीपासून 60 सेंटिमीटर. ढोबळ हिशेबानं सहाच्या वेगात 60 सेंटिमीटरचं तंग वळण घेतलं तर खुर्ची उलटायच्या काठावर येते. नऊला तोच काठ 1.4 मीटरवर येतो, बाराला अडीच मीटरवर. म्हणजे वेग दुप्पट केला की वळण चौपट रुंद घ्यावं लागतं, आणि अंगात सवय मात्र जुनीच असते. समोर कुत्रं आलं की हात जुन्या सवयीनंच जॉयस्टिक आडवी टाकतो. म्हणून नव्या कंट्रोलरमध्ये असं बसवलं आहे की पुढचा वेग जितका जास्त, तितकं वळणं कमी. जॉयस्टिक पूर्ण आडवी टाकली तरी खुर्ची आधी हळू होते, मग वळते. पोराला पहिल्यांदा ते सुस्त वाटलं.

"काका, वळायला टाइम लावू राहिली."

"लावू दे. अभ्यासिकेत हे दुसरं बटण दाब. तिथं वेग 4 आणि वळण चपळ."

दोन प्रोफाइल, एक रस्त्याचं, एक घरातलं. वीस मिनिटांत त्याचा हात बसला. बाराचं मात्र मी आज केलं नाही. या सांगाड्यावर, या आठ इंची कॅस्टरवर 12 द्यायला माझी तयारी नाही. दोन चाकांमधलं अंतर वाढवायला हवं, पुढची चाकं मोठी हवीत, सीट खाली हवी. ती वेगळी खुर्ची होईल, आणि त्याला तीच हवी असेल तर पावसाळ्यानंतर करू, असं ठरलं.

सकाळी 8.30

चहा, पोहे, फोन. चोपड्याहून एकाचा, अमळनेरहून एकाचा. अमळनेरवाल्याला मी खुर्ची नको म्हणून सांगितलं. त्याला रोज दहा-बारा किलोमीटर सडकेनं जायचं आहे, दोन्ही हात धडधाकट आहेत. त्यानं पुढं मोठं चाक आणि हँडल असलेली गाडी बघावी. कानपूरच्या अलिम्कोची बॅटरीवर चालणारी तीनचाकी सरकारी शिबिरांत मिळते. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशन कंपनीचं निओबोल्ट चाकाच्या खुर्चीलाच पुढून जोडता येतं आणि ताशी 25 पर्यंत जातं. ते 25 ला स्थिर राहतं, कारण जोडल्यावर छोटी कॅस्टर जमिनीवरून उचलली जातात आणि पुढचं मोठं चाक लांबवर टेकतं. लांबलचक पाया आणि हँडलचं स्टेअरिंग. वेगासाठी अशीच रचना हवी.

मग जॉयस्टिकच्या खुर्चीमागे एवढं का लागायचं? कारण सगळ्यांच्या हातांत हँडल धरायचा जोर नसतो. जॉर्ज क्लाइन या कॅनडाच्या इंजिनिअरनं दुसऱ्या महायुद्धानंतर विजेची खुर्ची तयार केली, ती मानेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांसाठी. ज्यांना हाताची खुर्चीही ढकलता येत नव्हती, त्यांच्यासाठी. शिवाय तीनचाकी टेबलाखाली जात नाही, मोरीत वळत नाही, लिफ्टमध्ये मावत नाही. ज्याला घर, कचेरी आणि रस्ता एकाच बैठकीत करायचा आहे, त्याला खुर्चीच लागते.

सकाळी 9.15

ताईंची उजवी मोटर उघडली. मागचं झाकण काढलं की आधी ब्रेकची कॉइल दिसते. या खुर्च्यांचा ब्रेक उलटा चालतो. वीज दिली की सुटतो, वीज गेली की स्प्रिंग त्याला दाबून धरते. बॅटरी चढावर संपली तरी खुर्ची मागे घरंगळत नाही, ती याच्या जोरावर. कॉइल 24 व्होल्टची. विद्यार्थ्याच्या खुर्चीत 38 व्होल्ट आहेत, पण ब्रेकला आम्ही वेगळा कन्व्हर्टर लावून 24 च देतो. तसं न करता सरळ जोडणी केलेली पाहिली आहे मी. दीडपट व्होल्टला कॉइल सव्वादोनपट तापते, इनॅमल करपतं, आणि एके दिवशी ब्रेक सुटायचाच बंद होतो. खुर्ची भर रस्त्यात जागच्या जागी खिळते.

ब्रेकच्या आत कार्बन ब्रश. टॉर्च लावून बघितलं तर एक ब्रश अर्ध्याच्या खाली गेलेला, त्याची स्प्रिंग दमलेली, आणि खाचेत काळी भुकटी दाबून बसलेली. भुकटी ब्रशनं सोडवून व्हॅक्युमनं ओढून घेतली. फुंकर मारली तर ती वळणांत जाते. कॉम्युटेटरवर हात फिरवला, खाच लागली नाही. तांब्याचा रंग चॉकलेटी, एकसारखा. म्हणजे आर्मेचर निरोगी आहे. नवे ब्रश घातले की ते गोलाईला लगेच पूर्ण टेकत नाहीत. झिरो नंबरचा काचपेपर कॉम्युटेटरवर खरखरीत बाजू वर करून गुंडाळायचा आणि आर्मेचर हातानं फिरवत ब्रशला गोलाई द्यायची. एमरी पेपर कधीच वापरायचा नाही, त्याचे कण अडकून पुढं त्रास देतात. माझ्या हाताखालच्या पोराला हे काम आवडतं. त्याच्या बोटांना घाई नाही. दोन्ही मोटरींचे चारही ब्रश बदलले, गिअरबॉक्समधलं जुनं ग्रीस काढून नवं भरलं.

पुन्हा माप. डावी 94, उजवी 96. शेड एव्हाना तापली होती, तेवढं वजा धरून वहीत दोन्हींपुढं 90 लिहिलं.

सकाळी 11.30

छोटा हत्ती टेम्पोत मोटरी, चार वजनकाटे, वेल्डिंगचं लहान मशीन, अँटी-टिप चाकांचा जोड. पाळधी, एरंडोल, पारोळा. रस्ता आता चौपदरी आहे, त्यामुळे धुळं दोन तासांत येतं. पारोळ्याच्या पुढं शेवभाजी-भाकरी.

दुपारी 2

ताई देवपूरला राहतात. लहानपणी पोलिओ झाला. जुन्या धुळ्यात एका कचेरीजवळ त्यांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं टेबल आहे. रोज पांझरेचा पूल ओलांडून जातात आणि येतात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आहे. साक्रीकडे माहेरी जायचं आहे, आणि या वेळी खुर्ची टेम्पोत टाकून बरोबर न्यायची आहे. गावात भावाच्या कडेवर बसून फिरायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय.

मोटरी बसवल्या. मग ताईंना खुर्चीत बसवून चारही चाकांखाली एकेक वजनकाटा सरकवला. हे माप खुर्ची रिकामी असताना घेऊन उपयोग नाही. मागच्या दोन चाकांवर 55 टक्के, पुढच्या कॅस्टरवर 45. कॅस्टरवर एवढं वजन असलं की खुर्ची त्यांच्या मर्जीनं चालते. आपले रस्ते मधे उंच आणि कडेला उतरते असतात. कडेनं चालताना कॅस्टर उताराकडे वळतात आणि खुर्चीला गटाराकडे ओढतात. ताई वर्षानुवर्षं जॉयस्टिक किंचित डावीकडे धरून चालवत होत्या. मनगट सुजायचं, त्याला त्या टायपिंगचं दुखणं समजत होत्या.

सीट पाच सेंटिमीटर मागे घेतली. बॅटऱ्यांचा ट्रे पंधरा सेंटिमीटर मागे सरकवून नव्या पट्टीवर वेल्ड केला. काट्यावर आता मागे 65 टक्के. पुढचं वजन कमी झालं की खुर्ची मागे उलटण्याची भीती वाढते, म्हणून मागे अँटी-टिप चाकं, जमिनीपासून दोन बोटं वर. वेग वाढवणारे पुष्कळ आहेत, पण हे वजनाचं काम फारसं कुणी करत नाही. खुर्चीच्या चालीत सर्वांत मोठा फरक याच कामानं पडतो, असं माझं ठाम मत आहे.

राहिला कंट्रोलर. ताईंचा कंट्रोलर प्रोग्रॅम होणारा आहे, पण विकणाऱ्यानं तो कधी जोडून बघितलेला दिसत नाही. आतले आकडे कारखान्यातून आले तसेच होते आणि मोटर कॉम्पेन्सेशन जवळजवळ शून्यावर. कंट्रोलर मोटरीला व्होल्ट देतो, पण चाक खरंच किती फिरतंय हे त्याला दिसत नाही. एक चाक खड्ड्यात गेलं, तिथल्या मोटरीनं जास्त करंट ओढला, तिच्या पोटात जास्त व्होल्ट जिरले, की ते चाक मागे पडतं. कॉम्पेन्सेशन म्हणजे करंट वाढला त्या हिशेबानं तेवढे व्होल्ट वरून भरून देणं. त्यासाठी मोटरीचा खरा रेझिस्टन्स माहीत लागतो. 90 च्या ऐवजी 70 भरला. पूर्ण 90 भरला तर थंडीच्या सकाळी भरपाई गरजेपेक्षा जास्त होऊन खुर्ची थरथरेल.

वेग 6 चा 7 केला, त्यापुढं ताईंनीच नको म्हटलं. "माले पळनं नही भाऊ, सरय जानं शे."

संध्याकाळी 5.15

ऊन उतरल्यावर पुलाकडे गेलो. पुलाच्या चढावर मी क्लॅम्प मीटर वायरीला लावून बाजूनं चालत होतो. दोन्ही मोटरी 16-17 अँपिअर. सकाळी वहीत जो फरक होता तो उरला नाही. ताईंनी खुर्ची मुद्दाम रस्त्याच्या कडेला घेतली, उतार जास्त आहे तिथं, आणि जॉयस्टिक सरळ पुढं धरली. खुर्ची सरळ गेली. त्यांनी मध्येच हात उचलला, खुर्ची थांबली, पुन्हा पुढं लोटली, पुन्हा सरळ.

"आते कशी सरय चाली राहिनी माय!" मागून येणाऱ्या भाच्याला त्या सांगत होत्या.

पूल उतरून पेठेत गेलो. या पेठेच्या गल्ल्या सरळ रेषेत आणि काटकोनात आहेत. इंग्रजी अमलाच्या आरंभी कॅप्टन ब्रिग्ज यानं धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं आणि नवी पेठ आखून वसवली. खुर्चीच्या चाचणीला असे कोपरे उत्तम. प्रत्येक ठिकाणी काटकोनातलं वळण, दुकानांच्या पायऱ्या, आडवी लावलेली मोटारसायकल, पुन्हा वळण. मागे वजन गेल्यामुळे खुर्ची आता जागच्या जागी फिरते, कॅस्टर घासत नाहीत. एका वळणावर मागचं टोक भाजीच्या टोपलीला लागलं, कारण अँटी-टिप चाकांमुळे लांबी वाढली आहे. ते ताईंना दोनदा दाखवून दिलं. सवय होईपर्यंत वळताना मागे बघायला हवं. टोपलीवाल्या मावशींनी टोमॅटो गोळा केले आणि खुर्ची केवढ्याची, ते विचारून घेतलं. त्यांच्या शेजारणीच्या मुलाला हवी आहे म्हणे.

रात्री 8.30

शेडसमोर भुसावळचे एक दादा वाट बघत बसले होते. रेल्वेत आहेत. मुलगा अकरा वर्षांचा, मस्क्युलर डिस्ट्रॉफी. त्यांनी मोबाइलवर चित्रण दाखवलं: शाळेचं मैदान, सगळी पोरं पुढं पळतात, हा मागे. "त्याच्या खुर्चीचा स्पीड वाढवून द्या. पैशाचं मी बघतो."

चित्रण मी तीन-चारदा बघितलं. पोरगं मागे राहत होतं हे खरं, पण वेग पूर्ण वापरतच नव्हतं. मैदान खडबडीत, चाक आपटलं की त्याचं अंग हलायचं, अंगाबरोबर हात हलायचा, हाताबरोबर जॉयस्टिक. खुर्ची नागमोडी जायची, त्यानं अंग आणखी हलायचं, आणि घाबरून तो हात काढून घ्यायचा. या मुलाला आधी कोपरापासून मनगटापर्यंत हाताला टेकू हवा, म्हणजे अंग हललं तरी हात जागेवर राहील. दोन्ही बरगड्यांना बाजूनं आधार हवा. जॉयस्टिक बारीक हेलकाव्यांना दाद देणार नाही, असं कंट्रोलरमध्ये बसवावं लागेल. खुर्चीनं वेग हळूहळू घ्यावा, पण थांबताना रेंगाळू नये. एवढं झालं की आहे त्याच सहाच्या वेगात तो बराच पुढं जाईल. मग मैदानापुरता 7-8 चा वेग देऊ. तो त्याचा हक्कच आहे, आणि हा आजार हातांची ताकद कमी करत नेतो, म्हणून ते काम पुढं ढकलायचं नाही, हेही मी दादांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, मान हलवली.

"मग खुर्ची कधी आणू?"

"आखाजी झाली की लगेच. पहाटे या, ऊन व्हायच्या आत. आणि नुसती खुर्ची नका आणू, त्याला घेऊन या. माप त्याला बसवूनच घ्यावं लागतं."

"शाळेला सुट्टीच आहे, आणतो."

"दप्तर पण आणा. चित्रणात खुर्चीच्या पाठीला लटकलेलं दिसलं. भरलेलंच आणा, वह्या-पुस्तकं आणि पाण्याच्या बाटलीसकट. मागच्या चाकांवर ते चार-पाच किलो मोजावे लागतील."